कामाच्या वाटेवर दिसणारे अनोळखी पाणपक्षी (गोवा)

चोडणकरीण

रायबंदरच्या फेरी धक्क्यावर वरचेवर दिसणाऱ्या एका पक्ष्याची ओळख पटावी म्हणून हा धागा काढत आहे. मी चोडणात राहते आणि नोकरीसाठी रोज फेरीबोटीने मांडवी ओलांडून पणजीला जाते. माझ्याकडे दुर्बीण नाही. असती तरी खांद्याला डब्याची पिशवी, हातांत स्कूटरचे हँडल आणि मागे हॉर्न वाजवणारी रांग असताना ती डोळ्यांना लावण्याची सोय नाही. तेव्हा फेरीबोट धक्क्याला लागेपर्यंत नुसत्या डोळ्यांनी जे टिपता आले, तेवढेच खाली लिहिते.

पक्षी नेहमीच्या छोट्या बगळ्याएवढा, परंतु सर्वांगाने गडद राखाडी असून त्या राखाडीला निळसर झाक आहे. हनुवटी आणि गळ्याचा वरचा भाग मात्र स्पष्ट पांढरा आहे. चोच पिवळसर तपकिरी आणि बऱ्यापैकी जाड दिसते. धक्क्याच्या उताराला लागून असलेल्या उथळ पाण्यात तो एका जागी उभा राहत नाही. पंख अर्धवट उघडून चार पावले धावतो, थबकतो, एकदम दिशा बदलतो आणि चोच मारतो. आमच्या फेरीतील एका सहप्रवाशांचे म्हणणे असे, की हा साधाच बगळा असून बार्जमधल्या खनिजाच्या धुळीने काळवंडला आहे. मला हे पटत नाही, कारण धुळीने माखलेल्या पक्ष्याचा गळा तेवढा पांढरा कसा राहील?

मुद्दाम कॅमेरा घेऊन केलेल्या सहलींविषयी येथे पुष्कळ लिहिले जाते. बाजारहाट, शाळेची ने-आण, बँक, दळण अशा कामांच्या वाटेवर जे अनोळखी पाणपक्षी दिसतात, त्यांच्याविषयी या धाग्यावर लिहावे अशी विनंती आहे. ठिकाण, महिना आणि पक्षी काय करत होता, एवढे प्रत्येकाने नोंदवल्यास सर्वांनाच उपयोग होईल.

माशेलचा प्रवासी

चोडणकरीण ताई, आपण वर्णन केलेला पक्षी काळा बिटर्न असावा असे मला वाटते. पावसाळ्यात करमळीच्या बाजूला शेताच्या कडेने जाताना मी तो पाहिला आहे. त्याचाही रंग असाच गडद असतो आणि मानेच्या बाजूला फिकट पिवळा पट्टा असतो, जो अंतरावरून पांढरा भासू शकतो. बगळ्याच्या कुळातले इतके गडद पक्षी आपल्याकडे फारसे नाहीत, म्हणून हा पर्याय सर्वप्रथम तपासावा.

खाजन

बिटर्नची शक्यता मला मान्य नाही, आणि तिच्या विरुद्ध जाणारा सर्वांत भक्कम पुरावा पक्ष्याच्या रंगात नसून त्याच्या वागण्यात आहे. काळा बिटर्न हा लपून राहणारा पक्षी आहे. गवताळ दलदल, भातशेताच्या कडेची झुडपे, झाडीने झाकलेले ओहळ अशा आडोशाच्या जागी तो वावरतो आणि चाहूल लागताच निसटतो. माणसांच्या आणि वाहनांच्या वर्दळीत, उघड्या धक्क्यावर, पंख पसरून धावत मासे पकडणे हे त्याच्या स्वभावात बसत नाही. शिवाय त्याचा पिवळा पट्टा मानेच्या बाजूंना असतो, हनुवटीवर नव्हे.

ताईंनी पाहिलेला पक्षी वेस्टर्न रीफ हेरॉन, म्हणजे किनाऱ्यावरचा बगळा आहे. हा बगळा दोन रंगरूपांत आढळतो. एका रूपात तो गडद राखाडी असून हनुवटी व गळा पांढरा असतो आणि दुसऱ्या रूपात संपूर्ण पांढरा असतो; क्वचित दोन्ही रंगांची ठिगळे असलेले पक्षीही दिसतात. हा फरक वयाचा किंवा ऋतूचा नसून जन्मजात असतो. त्यामुळे गडद पक्षी ओळखणे फार सोपे आणि पांढरा ओळखणे मात्र खरोखर कठीण, अशी गंमत होते. धक्क्यावर जे पांढरे बगळे बसतात त्यांतलाही एखादा याच जातीचा असू शकेल. छोट्या बगळ्याची चोच काळी, सडपातळ आणि सरळ असते, पाय काळे असतात आणि पायांची बोटे पिवळीधमक असतात. रीफ हेरॉनची चोच जाड, फिकट पिवळसर किंवा तपकिरी आणि टोकाकडे किंचित खाली झुकलेली असते. फेरीबोट धक्क्याजवळ येताना पक्षी दहा-पंधरा हातांवर असतो, तेव्हा केवळ चोचीकडे पाहावे.

आता थोडे सर्वसाधारण. वाटेवर पक्षी ओळखताना आपण रंगापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. उलट्या उन्हात प्रत्येक बगळा काळा दिसतो, पिल्लांचा रंग आईबापांहून वेगळा असतो आणि विणीच्या काळात ओळखीचा पक्षीही परका वाटतो. माझ्या मते आधी जागा पाहावी, मग महिना, मग पाण्याची स्थिती, मग पक्ष्याची हालचाल, त्यानंतर पाय आणि चोच, आणि रंग सर्वांत शेवटी.

यातली पाण्याची स्थिती बहुतेक जण विसरतात. मांडवी आणि जुवारीचे पाणी भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, आणि ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ताई रोज एकाच वेळी फेरीबोट पकडत असल्या तरी पाणी मात्र रोज वेगळ्या टप्प्यावर असते, म्हणूनच एका आठवड्यात भरपूर दिसलेले पक्षी पुढच्या आठवड्यात गायब झाल्यासारखे वाटतात. ढोबळमानाने सांगायचे तर पौर्णिमा-अमावास्येला मोठी भरती दुपारी अकरा-बाराच्या आगेमागे येते आणि त्या दिवसांत सकाळी नऊला चिखल झपाट्याने बुडत असतो. पंचमी-षष्ठीच्या सुमारास ओहोटी सकाळी नऊ-दहाला येते. चिखल उघडा पडतो आणि कचेरीला जाणाऱ्यांना सर्वाधिक पक्षी तेव्हाच दिसतात. घरातल्या दिनदर्शिकेवर तिथी असतेच. ती पाहून निघण्यास काही खर्च येत नाही.

चोडणकरीण

आपल्या प्रतिसादानंतर मी चोचीकडे लक्ष ठेवले. गडद पक्ष्याची चोच आपण म्हणता तशीच टोकाकडे झुकलेली आहे. त्याच्या शेजारी असलेल्या दोन पांढऱ्या पक्ष्यांपैकी एकाची चोच काळी व बारीक आणि दुसऱ्याची फिकट व जाड होती. आजवर मी त्या दोघांना एकाच जातीचे समजत आले होते. खनिजाच्या धुळीचा सिद्धान्त मांडणाऱ्या सहप्रवाशांना मी हे दाखवले, परंतु त्यांचे समाधान झालेले नाही.

आता दुसरा प्रश्न. रायबंदर ते पणजी या जुन्या बांधरस्त्याच्या एका अंगाला जी मिठागरे आणि दलदल आहे, तिथे नोव्हेंबरपासून लहान, तपकिरी, लांब चोचीचे पक्षी शेकड्यांनी दिसतात. मला ते सगळे एकसारखेच दिसतात. चालत्या बसमधून त्यांच्यात काही फरक करता येतो का?

मिठागरवाला

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही, कारण आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवण्याचे काम होते आणि हे पक्षी आम्ही नावे न जाणता ओळखत आलो. ज्या रस्त्याविषयी ताई लिहितात तो पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिश याच्या काळात, १६३३-३४ मध्ये बांधला गेला. एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरे असल्यामुळे दोन्हीकडचे पक्षी एका खिडकीतून दिसतात.

मिठागरात सगळीकडे सारखे पाणी नसते, हे आधी ध्यानात घ्यावे. पावसाळ्यात मिठागरे गोड्या पाण्याने भरतात. पाऊस सरल्यावर ते पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, खाडीत सोडले जाते, तळाचा चिखल साफ करून तुडवून घट्ट केला जातो आणि मग भरतीचे खारे पाणी टप्प्याटप्प्याने आत घेतले जाते. पहिल्या मोठ्या कुंडात पाणी खोल असते, मधल्या कोंडींत ते उथळ होत जाते आणि मीठ धरण्याच्या शेवटच्या वाफ्यांत जेमतेम बोटभर उरते. पक्षी आपापल्या पायांच्या उंचीप्रमाणे या कोंडींत वाटले जातात. खोल पाण्यात पोटापर्यंत बुडून उभे असलेले, गुलाबी आणि अतिशय लांब पायांचे काळे-पांढरे पक्षी म्हणजे शेकाटे. त्यांच्याविषयी कोणाचाही गोंधळ होऊ नये. पायाचा घोटा बुडेल एवढ्या पाण्यात टिलवे आणि तुतवार असतात. पाणी आटलेल्या चिखलावर थोडे धावणारे, थांबणारे आणि पुन्हा धावणारे, आखूड चोचीचे, गोल डोक्याचे पक्षी दिसले तर ते चिखले होत.

राहिले ताईंचे तपकिरी पक्षी. बांधाच्या कडेने एकटाच फिरणारा, शेपटीकडचा भाग अखंड वरखाली हलवणारा पक्षी म्हणजे सामान्य तुतवार. त्याची छाती आणि पंख यांच्या मधून पांढरा रंग खांद्याकडे वर चढलेला दिसतो. उडताना तो पाण्याला अगदी लगटून जातो आणि पंख ताठ ठेवून थरथरवतो. एवढ्या एका खुणेवरून तो धावत्या बसमधूनही ओळखू येतो. थव्यात असलेला, पाठीवर फिकट ठिपक्यांची दाटी आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असलेला, पिवळसर पायांचा पक्षी ठिपकेवाला तुतवार असतो. पाठ जवळजवळ काळसर, पोट पांढरे आणि उडताच कमरेवरचा पांढरा भाग चमकून जात असेल तर तो हिरवा तुतवार. हा बहुधा एकटा असतो आणि मोकळ्या मिठागरापेक्षा गटाराच्या, ओहळाच्या कडेला अधिक सापडतो. पाय नारिंगी-लाल आणि उडताना पंखांची मागची कड पांढरी दिसली तर तो लाल पायांचा टिलवा. तो सर्वांआधी ओरडून बाकीच्यांना उठवतो, म्हणून लहानपणी आम्हाला त्याचा राग येत असे.

चिखल तुडवला जात असताना आणि पाणी नुकतेच आत घेतलेले असताना पक्ष्यांची गर्दी सर्वाधिक असते. मीठ धरू लागले की वाफ्यांतले पाणी इतके खारट होते, की त्यात खाण्याजोगे जीव फारसे उरत नाहीत आणि पक्षी बाहेरच्या कोंडींकडे सरकतात. आज अनेक मिठागरे पडीक आहेत. बांध फुटले की तिथे खारफुटी वाढते, आणि मग उघड्या चिखलावरचे हे पक्षी जाऊन त्यांच्या जागी बगळे आणि खंडे येतात. खारफुटी वाढली म्हणून सगळेच पक्षी वाढले असे समजणे मला बरोबर वाटत नाही.

नवखा

मोबाइलमधील पक्षी ओळखणारी ॲप कितपत विश्वासार्ह आहेत? मी बगळ्याचे छायाचित्र दिले असता एकदा एक आणि एकदा दुसरेच नाव आले.

खाजन

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने काढलेले मर्लिन हे ॲप मोफत आहे आणि भारतातील पक्ष्यांचा संच त्यात उतरवून घेता येतो. ठिकाण आणि तारीख अचूक दिल्यास ते पुष्कळ अशक्य पर्याय गाळून टाकते, हा त्याचा खरा उपयोग. मात्र छोटा बगळा, मध्यम बगळा आणि रीफ हेरॉनचे पांढरे रूप यांत दुरून घेतलेल्या अस्पष्ट छायाचित्रावरून निवाडा करणे अनुभवी माणसालाही जमत नाही, तिथे ॲपला दोष देण्यात अर्थ नाही.

छायाचित्र घेताना मोबाइलच्या पडद्यावर पक्ष्यावर बोट ठेवून उजेड कमी करावा, नाहीतर पांढऱ्या पक्ष्याचा नुसता डाग उमटतो. पाय पाण्याबाहेर येईपर्यंत थांबावे. शक्य असेल तर छायाचित्राऐवजी दहा सेकंदांची चित्रफीत घ्यावी, कारण शेपटी हलवणे, पंख उघडून धावणे, पायाने चिखल ढवळणे या गोष्टी स्थिर चित्रात येत नाहीत. आणि कृपया हे सर्व वाहन थांबवून, रस्त्याच्या कडेला उतरूनच करावे. त्या बांधरस्त्यावर स्कूटर चालवता चालवता मान वळवणारे लोक मी पाहिले आहेत.

माशेलचा प्रवासी

बिटर्नविषयीचा खुलासा पटला. आता माझ्या वाटेवरचे लिहितो. कामानिमित्त मला अधूनमधून करमळी स्थानकावरून गाडी पकडावी लागते. कोकण रेल्वेचा मार्ग करमळीच्या तळ्याला अगदी लागून जातो. गाडीला उशीर असला तर एरवी चिडचिड होते, परंतु नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात त्या उशिराचे मला काही वाटत नाही.

तळ्यावर सर्वाधिक दिसतात त्या अडई. तांबूस तपकिरी रंगाची ही बदके शिट्टी घातल्यासारखे ओरडत उडतात आणि उडताना मान थोडी खाली धरतात, त्यामुळे पाठीला पोक आल्यासारखे दिसते. अगदी लहान, पांढरट, आखूड चोचीचे बदक दिसले तर ती काणूक. लांब, टोकदार शेपटी आणि सडपातळ मान असेल तर तलवार बदक. पाणवनस्पतींवर चालणारे, जांभळट निळ्या अंगाचे, लाल चोचीचे, कोंबडीएवढे पक्षी म्हणजे जांभळ्या पाणकोंबड्या. त्यांच्याच आसपास लांबच लांब बोटांनी पानांवर तोल सांभाळत फिरणारे कमळपक्षी असतात.

माझी अडचण अशी, की ऑक्टोबरमध्ये मला भुवई बदकांच्या थव्यात एकही नर दिसत नाही. नराच्या डोळ्यावरची पांढरी भुवई फार ठळक असते असे सर्वत्र लिहिलेले असते, मग ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे केवळ माद्याच येतात की काय?

खाजन

नर आलेले असतात, पण ओळखू येत नाहीत. विणीनंतर बदकांचे नर भडक पिसे टाकून मादीसारखा फिका पेहराव धारण करतात. भुवई बदकाचा नर तर हा पेहराव बराच काळ बाळगतो आणि साधारण जानेवारी-फेब्रुवारीकडे त्याची भुवई पुन्हा ठळक होऊ लागते. तोवर मादीसारख्या दिसणाऱ्या पक्ष्याचा पंख उघडण्याची वाट पाहावी. नराच्या पंखाचा पुढचा भाग फिका निळसर राखाडी असतो आणि तो वर्षभर तसाच राहतो.

कमळपक्ष्यांचेही असेच आहे. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याला हिवाळ्यात ती लांब शेपटी नसते, आणि नावावर विसंबून शोधणारा माणूस समोरचा पक्षी सोडून देतो.

कुडचडेकर

कुडचड्याच्या नंदा तळ्याचे नाव अजून कोणी घेतले नाही, म्हणून लिहितो. २०२२ मध्ये या तळ्याला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आणि गोव्यातील ती अशी पहिली जागा ठरली. क्षेत्रफळ ४२ हेक्टर. जुवारीला मिळणाऱ्या प्रवाहालगतच्या या तळ्यात पावसाळ्यानंतर पाणी साठवून ठेवतात आणि खालच्या अंगाची भातशेती त्यावर होते. म्हणजे पक्ष्यांना जे पाणी मिळते ते शेतकऱ्याने अडवलेले पाणी आहे, ही गोष्ट दर्जा मिळाल्याच्या आनंदात मागे पडते. पांढरे शराटी, कांस्यपंखी कमळपक्षी, पाणकावळे आणि अडई तिथे सहज दिसतात.

परंतु मला लिहायचे आहे ते तळ्याविषयी नव्हे, बाजाराविषयी. जूनच्या सुरुवातीला मासळी बाजारामागच्या ओहळात मला एक पक्षी दिसला. पाठ गडद तपकिरी-लाल, डोके आणि मान पिवळसर, डोक्यावरून मागे लोंबणारी लांब पिसे. कोळंबीचे वाटे लावून बसलेल्या बाईंनी सांगितले, की हा तर रोजचाच आहे. मला ते खरे वाटेना. तेवढ्यात तो उडाला आणि दोन्ही पंख लख्ख पांढरे दिसले, तेव्हा उलगडा झाला. तो वंचक होता. आठ महिने मातकट रेघांचा पेहराव घालून गटाराकाठी बसणारा हा बगळा विणीच्या काळात असा नटतो. बसलेला असताना पांढरा रंग फारसा दिसत नाही आणि उडताच पांढरेशुभ्र पंख, ही त्याची खूण बारा महिने चालते.

असाच दुसरा फसवा पक्षी म्हणजे रातबगळ्याचे पिल्लू. बाजारपेठेतल्या मोठ्या झाडांवर बगळ्यांची वसाहत असते आणि पावसाळ्याच्या अखेरीस तिच्याखाली एखादा तपकिरी, अंगभर पांढरट थेंब असलेला, जाड मानेचा पक्षी बसलेला सापडतो. प्रौढ रातबगळ्याची पाठ आणि टोपी काळी, बाकी अंग राखाडी आणि डोळा लाल असतो. पिल्लाशी त्याचे कोणतेच साम्य दिसत नाही, त्यामुळे लोक त्याला घुबडापासून काहीही समजतात.

दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे, परंतु ती एका पंधरवड्याची नोंद असते. जूनमधला नटलेला वंचक किंवा सप्टेंबरमधले रातबगळ्याचे पिल्लू तीत येणार नाही. बाजाराला जाणाऱ्यांच्या नोंदी तिथे कामाला येतात.

मोरजीकर

आमच्या किनाऱ्यावरचा प्रश्न कुरवांचा आहे. शापोरा नदीच्या मुखाशी, मोरजीच्या वाळूच्या पट्ट्यांवर हिवाळ्यात कुरव मोठ्या संख्येने बसतात आणि सकाळी फिरायला येणारे त्या सर्वांना ‘सीगल’ म्हणून मोकळे होतात. काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव ही नावे ऐकून लोक डोके पाहतात, आणि हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी असून कानाजवळ एक गडद ठिपका तेवढा उरलेला असतो. उडताना पंखाचे टोक पाहावे. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे टोक बरेच काळे असून त्या काळ्यात पांढरे ठिपके असतात; काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड लांबपर्यंत पांढरी असते. सर्वांमध्ये धिप्पाड, पिवळ्या चोचीचा आणि फेब्रुवारीपासून डोके काळे होत जाणारा दिसला तर तो पल्लास कुरव.

आणखी एक विषय पावसाळ्यापूर्वीच मांडून ठेवतो. जून ते सप्टेंबरच्या वादळी वाऱ्यात खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर फेकले जातात. मास्क्ड बूबी, फ्रिगेटबर्ड, काळसर पाठीचे सुरय असे पक्षी एरवी जमिनीवरून दिसतही नाहीत. गेल्या पावसाळ्यात दूध आणायला निघालो असताना वाळूवर असाच एक मोठा पांढरा, काळ्या पंखांच्या कडांचा पक्षी निपचित बसलेला होता आणि चार-पाच मुले त्याला पुन्हा लाटांत ढकलत होती. अशा वेळी नेमके काय करावे?

खाजन

लाटांत ढकलणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. तो पक्षी उपाशी आणि थकलेला असतो, पिसे भिजलेली असतात, आणि समुद्रात गेला तर बुडतो. फ्रिगेटबर्डला तर सपाट जमिनीवरून उडणेही अवघड जाते, म्हणून तो बसून राहिला याचा अर्थ पंख मोडला असा होत नाही. कुत्रे आणि माणसे दूर करावीत, अंगावर जाड टॉवेल टाकून पक्ष्याला उचलावे, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून झाकण लावावे आणि खोके सावलीत, शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये आणि मासा कोंबू नये. वन खात्याला लगेच कळवावे. बूबीची चोच फार तीक्ष्ण असते आणि तो चेहऱ्याकडे झेप घेतो, तेव्हा स्वतःचे डोळे सांभाळावेत. आपले वर्णन मास्क्ड बूबीशी जुळते. चेहऱ्यावर चोचीच्या मुळाशी काळा भाग होता का, तेवढे आठवून लिहावे.

मोरजीकर

होता. चोच पिवळट होती आणि तिच्या भोवती काळा मुखवटा घातल्यासारखे दिसत होते. वन खात्याची माणसे येऊन पक्षी घेऊन गेली.

मिठागरवाला

एक सूचना. घरट्यांची नेमकी जागा, विशेषतः गावातल्या झाडांवरच्या वसाहतींची, येथे लिहू नये. विष्ठेचा वास येतो म्हणून फांद्या तोडायला टपलेली माणसे सर्वत्र असतात, आणि घरटी व अंडी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असले तरी फांदी पडल्यावर त्याचा उपयोग नसतो. गावाचे नाव पुरेसे आहे.

चोडणकरीण

सूचना मान्य आहे.

एक नवी नोंद देते. चोडणच्या बाजूला, सलीम अली पक्षी अभयारण्याच्या वाटेवरील खारफुटीत काल संध्याकाळी ओहोटीच्या वेळी एक खंड्या दिसला. नेहमीच्या खंड्यासारखे चॉकलेटी डोके नव्हते. पाठ निळी होती, मानेभोवती पांढरी कॉलर होती आणि डोके गडद वाटले, पण उजेड उतरला होता. पोटाचा रंग मला नीट दिसला नाही.

खाजन

दोन शक्यता आहेत आणि दोन्ही खारफुटीतल्याच आहेत. डोके काळे, पाठ जांभळट गडद निळी, पोट तांबूस आणि चोच लाल असेल तर तो काळ्या टोपीचा खंड्या, ज्याला २०२२ पासून जागतिक पातळीवर असुरक्षित प्रजातींत धरले जाते. डोके आणि पाठ दोन्ही हिरवट निळी, पोट पांढरे आणि चोच काळी, फक्त खालच्या भागाच्या मुळाशी फिकट, अशी असेल तर तो कॉलरवाला खंड्या. हा पश्चिम किनाऱ्यावर फार थोड्या ठिकाणी दिसतो आणि चोडण त्यांपैकी एक आहे. पोट दिसले नाही तरी चालेल, चोचीचा रंग तेवढा पाहून लिहावे. ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने उशिरा येते, त्यामुळे कालच्याच वेळेला गेलात तर पाणी अजून उतरत असेल आणि पक्षी थोडा आत बसलेला असू शकेल.